किल्ली कोणाच्या हाती? फोनची मालकी, खासगीपणा आणि विकेंद्रित जाळी यांचा आढावा

स्मार्टफोनमुळे उभ्या राहिलेल्या खासगीपणाच्या प्रश्नावर गेली पंधरा-वीस वर्षे जो विचार चालू आहे, त्याचे तीन प्रवाह सहसा वेगवेगळे चर्चिले जातात. पहिला संदेशांच्या गुप्ततेचा, दुसरा विकत घेतलेल्या फोनमधली मूळ प्रणाली काढून आपल्या पसंतीची प्रणाली बसवण्याचा, आणि तिसरा कोणत्याही एका कंपनीच्या किंवा सरकारच्या ताब्यात नसलेल्या संपर्कजाळ्यांचा. पहिल्याची चर्चा वकील आणि न्यायालये करतात, दुसऱ्याची हौशी तंत्रज्ञ आणि तिसऱ्याची कार्यकर्ते व नेटवर्क अभियंते करतात. त्यामुळे तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, ही गोष्ट नजरेआड होते. ज्या गणिती किल्ल्यांवर आजची सारी डिजिटल सुरक्षा उभी आहे त्या किल्ल्या कोणाच्या ताब्यात असाव्यात, हा तो प्रश्न. संदेश उलगडणारी किल्ली, फोन चालू होताना त्यातल्या प्रणालीची खातरजमा करणारी किल्ली आणि जाळ्यातली माणसाची ओळख ठरवणारी किल्ली अशा या तीन किल्ल्या आहेत. भारतापुरता निष्कर्ष आधीच सांगायचा तर, पहिली किल्ली सामान्य माणसाच्या हाती बऱ्याच अंशी आली आहे, तिसरी अजून प्रयोगाच्या अवस्थेत आहे, आणि दुसरी हातात येता येता निसटत चालली आहे.

संदेशाच्या किल्लीचा इतिहास तुलनेने समाधानकारक आहे. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच सांकेतिक रूपात बदलावा, घेणाऱ्याच्या फोनवरच उलगडावा आणि मधल्या सर्व्हरला त्याचा अर्थ लागू नये, या व्यवस्थेला ‘एंड टू एंड एन्क्रिप्शन’ म्हणतात. सिग्नल या ॲपच्या निर्मात्यांनी विकसित केलेली ही पद्धत व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्वांना लागू केली, तेव्हा जगातल्या सुमारे शंभर कोटी लोकांना कोणतेही बटण न दाबता ती मिळाली. भारतात त्याआधी काही महिने, सप्टेंबर २०१५ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. नागरिकांनी आपल्या सांकेतिक संदेशांची साधी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, अशी अपेक्षा त्यात होती. टीकेचा भडिमार होताच तो काही दिवसांत मागे घेण्यात आला. त्यानंतर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने निर्णय देऊन खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले, आणि १९५४ व १९६२ च्या जुन्या निकालांनी निर्माण केलेली संदिग्धता संपली. तरीही ओढाताण थांबलेली नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर एखाद्या संदेशाचा ‘पहिला प्रेषक’ शोधून देण्याचे बंधन घातले. त्याला व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि एन्क्रिप्शन मोडायला लावल्यास भारतातून बाहेर पडावे लागेल, असे कंपनीच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयात सांगितले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा कंपन्यांना बऱ्याच अंशी बांधतो. सरकारी यंत्रणांना मात्र व्यापक सूट देण्याची तरतूद त्यातच आहे.

या साऱ्या वादात एक गोष्ट अनेकदा निसटते. संदेश प्रवासात कितीही सुरक्षित असला, तरी दोन्ही टोकांना तो उघडाच वाचला जातो, आणि ते टोक म्हणजे फोन. २०१९ मध्ये पेगॅसस या इस्रायली हेरप्रणालीने व्हॉट्सॲपच्या कॉल सुविधेतील त्रुटीचा फायदा घेऊन जगभरातले सुमारे १,४०० फोन लक्ष्य केले; भीमा-कोरेगाव प्रकरणाशी संबंधित काही वकील आणि कार्यकर्तेही लक्ष्य झालेल्यांत होते. एन्क्रिप्शन तेव्हा मोडलेले नव्हते, मोडला होता तो फोन. खासगीपणाचा प्रश्न त्यामुळे अपरिहार्यपणे दुसऱ्या किल्लीकडे, म्हणजे फोनमध्ये काय चालावे हे कोण ठरवते, याकडे येतो.

फोनमध्ये फेरफार करण्याची प्रथा स्मार्टफोनइतकीच जुनी आहे. २००७ मध्ये आयफोन बाजारात आला त्याच वर्षी त्याची बंधने तोडण्याचे, म्हणजे ‘जेलब्रेक’चे, प्रकार सुरू झाले, आणि जुलै २०१० मध्ये अमेरिकेत अशा कृतीला प्रताधिकार कायद्यातून सूट मिळाली. अँड्रॉइडची गोष्ट वेगळी होती, कारण त्याचा पाया मुक्त स्रोताचा आहे. मूळ आज्ञावली कोणीही घेऊन, बदलून, पुन्हा बांधू शकतो. या बदललेल्या प्रणालीला वापरकर्ते ‘कस्टम रॉम’ म्हणतात, तर फोनच्या प्रणालीवर सर्वोच्च अधिकार मिळवण्याला ‘रूट करणे’ म्हणतात. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेला सायनोजेनमॉड हा यातला सर्वांत गाजलेला प्रकल्प. २०१६ च्या अखेरीस तो बंद पडला आणि त्याच आज्ञावलीवर लिनिएजओएस उभा राहिला, जो आजही ज्या फोनचे अपडेट कंपनीने थांबवले आहेत अशा अनेक जुन्या फोनना नवे आयुष्य देतो.

भारतीय वापरकर्त्यांना या फेरफाराची गरज केवळ हौसेपोटी वाटली नाही, ही बाब नोंदवण्याजोगी आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची व्यवस्था नव्हती. अनेक फोनवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत, आणि जिथे अक्षरे दिसत तिथेही वेलांट्या भलत्या जागी जात, जोडाक्षरे तुटत. त्यावर दोनच उपाय होते. एक म्हणजे ऑपेरा मिनी ब्राउझरच्या आतल्या रचनेत जाऊन गुंतागुंतीच्या लिपींसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय चालू करणे, ज्यामुळे वृत्तपत्राचे पान सर्व्हरकडून अक्षरांच्या चित्रांसह येत असे. दुसरा म्हणजे फोन रूट करून त्यात देवनागरी फॉन्ट टाकणे. मातृभाषा वाचता यावी म्हणून फोनचे कुलूप तोडणाऱ्या त्या पिढीला खासगीपणाच्या तत्त्वज्ञानाशी फारसे देणेघेणे नव्हते, पण कंपनीने जे दिले नाही ते स्वतः करून घेण्याचा हक्क तिने वापरला होता. याच काळात या हक्काचे व्यापारी रूपही भारतात दिसले. सायनोजेनमॉडमधून निघालेल्या सायनोजेन कंपनीने आपल्या प्रणालीचे भारतापुरते एकाधिकार मायक्रोमॅक्सला दिल्याने डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच प्रणालीवर चालणाऱ्या वनप्लसच्या फोनविक्रीवर तात्पुरती बंदी घातली आणि खंडपीठाने ती काही दिवसांतच उठवली. मुक्त स्रोतावर उभ्या राहिलेल्या प्रकल्पाचे नाव एका बाजारपेठेपुरते विकले जाऊ शकते, हा धडा त्या वेळी अनेकांना अस्वस्थ करून गेला.

फेरफार प्रत्यक्षात कसा होतो हे जवळून पाहिल्याशिवाय आजचा पेच समजत नाही. फोन चालू होताना सर्वप्रथम ‘बूटलोडर’ नावाची छोटी आज्ञावली चालते आणि पुढची प्रणाली अधिकृत आहे की नाही, हे तिच्यावरची डिजिटल स्वाक्षरी तपासून ठरवते. ही तपासणी शिथिल करायची तर फोनच्या माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवून विकसकांसाठीचे पर्याय उघडावे लागतात, त्यांतला ‘ओईएम अनलॉकिंग’ हा पर्याय चालू करावा लागतो, आणि मग फोन संगणकाला जोडून कुलूप उघडण्याची आज्ञा द्यावी लागते. त्या क्षणी फोनमधील सारी माहिती पुसली जाते. हे मुद्दाम तसे ठेवले आहे, म्हणजे चोरलेल्या फोनचे कुलूप उघडून मालकाची छायाचित्रे वाचता येऊ नयेत. यानंतर प्रत्येक वेळी फोन सुरू होताना पडद्यावर एक इशारा येतो, आणि गूगलच्या ‘व्हेरिफाइड बूट’ या व्यवस्थेत त्याचे रंग ठरलेले आहेत. कुलूप उघडे असेल तर नारिंगी. प्रणाली बिघडलेली वा तपासणीत नापास असेल तर लाल. आणि कुलूप पुन्हा लावलेले आहे, स्वाक्षरीची तपासणीही होते आहे, पण ती किल्ली कंपनीची नसून मालकाने स्वतः बसवलेली आहे, अशा स्थितीला पिवळा. कंपनीच्या किल्लीने बंद असलेला फोन हिरव्या वर्गात मोडतो आणि तो कोणताही इशारा दाखवत नाही.

या संपूर्ण विषयाचा गाभा त्या पिवळ्या रंगात आहे. नारिंगी स्थितीतला फोन खरोखरच कमकुवत असतो, कारण तो काही मिनिटे दुसऱ्याच्या हातात गेला तरी त्यात बदललेली प्रणाली घुसवता येते. आणि रूट केलेल्या फोनमध्ये एखाद्या ॲपला सर्वोच्च अधिकार मिळाला तर अँड्रॉइडने ॲपांमध्ये उभारलेल्या भिंती निरुपयोगी ठरतात. फेरफाराचे समर्थक हा धोका अनेकदा कमी लेखतात, आणि ते योग्य नाही. पण पिवळ्या स्थितीतल्या फोनला हा आक्षेप लागू पडत नाही. ग्रॅफिनओएस ही प्रणाली याचे ठळक उदाहरण आहे. ती गूगलच्या पिक्सेल फोनांवरच चालते, कारण मालकाच्या किल्लीने कुलूप पुन्हा लावण्याची सोय, स्वतंत्र सुरक्षा चिप आणि वेळेवर मिळणारी सुरक्षा दुरुस्ती या तिच्या अटी एकत्रितपणे पूर्ण करणारे फोन फार थोडे आहेत. या प्रणालीत प्रत्येक ॲपला इंटरनेटची परवानगी स्वतंत्रपणे नाकारता येते, आणि गूगलच्या सेवा हव्याच असतील तर त्यांना विशेष अधिकार न देता साध्या ॲपसारखे कोंडून चालवता येते. सुरक्षेच्या निकषावर अशी प्रणाली बाजारातल्या बहुतेक ‘अधिकृत’ फोनांपेक्षा सरस आहे. तिची खरी मर्यादा आर्थिक आहे. पिक्सेलची किंमत भारतातील बहुसंख्य ग्राहकांच्या आवाक्याबाहेर आहे आणि स्वस्त फोनांना या दर्जाची प्रणाली उपलब्ध नाही.

तरीही भारतात असा फोन वापरणाऱ्याची खरी अडचण पैशांची देवाणघेवाण करताना येते. ॲपने फोनला त्याची ओळख विचारावी आणि फोनने आपण अमुक कंपनीचा, अमुक प्रणाली चालवणारा असल्याचा पुरावा द्यावा, या प्रक्रियेला ‘ॲटेस्टेशन’ म्हणजे प्रमाणन म्हणतात. गूगलने त्यासाठी आधी सेफ्टीनेट आणि पुढे प्ले इंटिग्रिटी ही व्यवस्था दिली. तिच्या मधल्या पातळीवर उत्तीर्ण होण्यासाठी फोन गूगलने प्रमाणित केलेला असणे पुरते, पण त्याला ताजी सुरक्षा दुरुस्ती मिळालेली असणे आवश्यक नाही. परिणामी, अनेक वर्षे एकही दुरुस्ती न मिळालेला, ज्ञात त्रुटींनी भरलेला जुना फोन बँकेच्या ॲपला विश्वासार्ह वाटू शकतो आणि दर महिन्याला दुरुस्त होणारा ग्रॅफिनओएसचा फोन संशयास्पद ठरतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल देयकांच्या सुरक्षेविषयी जे निर्देश दिले, त्यांत फोन रूट वा जेलब्रेक केलेला आहे का हे तपासून तसा असल्यास ॲप चालू न देण्याची शक्यता बँकांनी आजमावावी, असे म्हटले आहे. हेतू रास्त आहे. ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहावेत हा. अनेक बँकांनी मात्र स्वतंत्र तपासणी उभारण्याऐवजी गूगलच्या प्रमाणपत्रावर विसंबणे सोयीचे मानले, आणि एका सार्वजनिक देयक व्यवस्थेत कोणता फोन चालेल हे ठरवण्याचा अधिकार व्यवहारात एका खासगी कंपनीकडे गेला. यूपीआय ही सुविधा भाजीच्या गाडीपासून वीजबिलापर्यंत पोचलेली असताना हा अधिकार छोटा नाही.

दुसरीकडे कुलूप उघडण्याची वाटही अरुंद होत आहे. शाओमीने अनलॉकसाठी परवानगी आणि प्रतीक्षाकाळ आणला व पुढे अटी कडक केल्या. सॅमसंगच्या फोनमध्ये एकदा कुलूप उघडले की चिपमधला एक विद्युत दुवा कायमचा जळतो आणि काही सुविधा पुन्हा कधीच चालत नाहीत, तर २०२५ च्या नव्या आवृत्तीत कंपनीने अनलॉकचा पर्यायच काढून टाकला. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप बसवायचे असेल तरी त्या ॲपच्या विकसकाची ओळख पडताळलेली असावी, असा नियम जाहीर केला. टीकेनंतर जाणत्या वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवण्याचे आश्वासन कंपनीने दिले, पण दिशा स्पष्ट आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना आधीच बसवलेली ॲप काढून टाकता यावीत असाही निर्देश दिला होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण जे चार निर्देश रद्द केले त्यांत हाही होता. सरकारचा कलही ग्राहकाच्या ताब्याकडे नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीच बसवण्याचा आदेश काढला, आणि देशभर विरोध झाल्यावर आठवड्याच्या आत तो मागे घेतला. ॲप चोरीचे फोन शोधायला उपयोगी आहे, यात वाद नाही. वाद होता तो मालकाला न विचारता ते बसवण्याचा.

तिसरी किल्ली जाळ्याची. अमेरिकी अभियंते पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जाळ्यांची तीन रूपे मांडली होती: सारे धागे एकाच केंद्राला बांधलेले, अनेक लहान केंद्रांमध्ये विभागलेले, आणि केंद्रच नसलेले. आजच्या बहुतेक सेवा पहिल्या प्रकारात मोडतात. दुसऱ्या प्रकारात ईमेलप्रमाणेच मॅस्टोडॉन आणि मॅट्रिक्स येतात, ज्यांत कोणीही आपला सर्व्हर चालवू शकतो आणि ते सर्व्हर एकमेकांशी बोलतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका ज्येष्ठ वकिलाचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर बरेच भारतीय वापरकर्ते मॅस्टोडॉनकडे वळले होते, पण त्यांतले बहुतेक टिकले नाहीत. ओळखीची माणसे जिथे आहेत तिथेच लोक राहतात. शिवाय विकेंद्रित म्हणजे आपोआप गुप्त नव्हे: मॅस्टोडॉनवरचा खासगी संदेश सर्व्हर चालवणारा वाचू शकतो. मॅट्रिक्सची गोष्ट अधिक बोलकी आहे. फ्रान्स सरकारने २०१९ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांसाठी त्यावर आधारित संदेशसेवा सुरू केली. भारत सरकारने मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील दहशतवादाचे कारण देऊन ज्या १४ ॲपवर बंदी घातली त्यांत मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंट होते, आणि इंटरनेटशिवाय ब्लूटूथवरही चालणारे ब्रायरही होते. मुक्त आणि विकेंद्रित तंत्रज्ञानावर ॲपच्या नावाने घातलेली बंदी ठरावीक गुन्हेगाराला अडवण्यापेक्षा सामान्य वापरकर्त्याला दूर ठेवण्यात अधिक यशस्वी होते, हे इथे स्पष्टपणे म्हणायला हवे.

केंद्र नसलेल्या जाळ्याला ‘मेश’ म्हणतात. त्यात प्रत्येक फोन किंवा यंत्र दुसऱ्याचा संदेश पुढे ढकलते. २०१४ च्या हाँगकाँग आंदोलनात फायरचॅट हे ब्लूटूथवर चालणारे ॲप लाखो लोकांनी उतरवून घेतले, पण त्यातील संवाद उघडा होता आणि पोलिसांनाही वाचता येण्याजोगा होता. पुढे ब्रिजफाय या तशाच ॲपमध्ये गंभीर त्रुटी असल्याचे लंडनच्या रॉयल हॉलोवेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. ५ ऑगस्ट २०१९ पासून काश्मीरमध्ये महिनोन्महिने इंटरनेट बंद राहिले, तेव्हा अशा साधनांची गरज सर्वांत जास्त होती. अधिक आश्वासक वाट लोरा या कमी शक्तीच्या रेडिओ तंत्राची आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून विनापरवाना वापरासाठी खुला असल्याने, मेशटॅस्टिक ही मुक्त आज्ञावली घातलेली छोटी यंत्रे काही किलोमीटरपर्यंत लिखित संदेश पोचवू शकतात. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये वीज आणि मोबाइल सेवा कोलमडली, तशा प्रसंगी हे तंत्र उपयोगी ठरेल. मराठीच्या बाबतीत त्यात एक अडचण आहे, जिच्याकडे इंग्रजीत काम करणाऱ्यांचे लक्ष जात नाही. एका संदेशाची मर्यादा सुमारे २०० बाइटची असते, आणि संगणकीय साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, मात्रेला आणि वेलांटीला तीन-तीन बाइट लागतात. ‘पूल वाहून गेला’ एवढ्या वाक्यालाच ३८ बाइट खर्च होतात. आपत्तीत वापरायचे ठरलेले लघुसंकेत आधीच तयार करणे, हे मराठी कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगे काम आहे.

समुदायाने उभारलेल्या जाळ्यांचा सर्वांत टिकाऊ अनुभव कॅटलोनियातील गिफी.नेटचा आहे, जे २००४ पासून गावकऱ्यांच्या सामायिक मालकीवर चालत आले आहे. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारा प्रयोग आयआयटी मुंबईचा ‘ग्राममार्ग’. पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरातल्या सात गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवून तो सुरू झाला, नंतर अधिक गावांत विस्तारला आणि त्यात ग्रामपंचायतीला भागीदार करण्यात आले. २०१७ मध्ये त्याला मोझिला फाउंडेशनच्या स्पर्धेत पुरस्कारही मिळाला. त्यातून दिसले ते असे की, तंत्र उभे करणे अवघड नाही, मनोऱ्यावरचे यंत्र बिघडल्यावर ते दुरुस्त करणारा माणूस गावात टिकवणे अवघड आहे.

या तिन्हींपैकी सर्वांत लवकर सुटू शकणारा प्रश्न मधलाच आहे, कारण त्यासाठी नवा शोध लागत नाही. अँड्रॉइडमध्येच चिपच्या आधारे प्रमाणन देण्याची अशी सोय आहे, जी फोनचे कुलूप लावलेले आहे का, प्रणाली कोणाच्या किल्लीने सही केलेली आहे आणि शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधीची आहे, हे गूगलच्या परवान्याशिवाय सांगू शकते. रिझर्व्ह बँकेने आपल्या निर्देशांत रूट केलेला फोन आणि मालकाच्या किल्लीने नीट बंद केलेला फोन यांत फरक करावा, बँकांना दुसऱ्या प्रकारचा फोन नाकारण्याआधी सुरक्षेचे कारण देणे बंधनकारक करावे, आणि ज्या फोनचे अपडेट कंपनीने थांबवले त्याचे कुलूप उघडून देण्याची सक्ती केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काच्या चौकटीत आणावी. वजनमापांपासून घरबांधणीपर्यंतच्या प्रश्नांवर पाच दशके लढत आलेल्या महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीने ही मागणी आपल्या विषयपत्रिकेवर घ्यावी. विकत घेतलेल्या वस्तूवर ग्राहकाचा हक्क किती, हा तिचाच प्रश्न आहे.